प्रभागात नवीन काही करायचंय? आधी तुझ्या बदलीनंतर काय उरेल ते बघ

तुझा प्रश्न दोनदा वाचला. सहा महिन्यांपूर्वी सहाय्यक आयुक्त म्हणून प्रभाग कार्यालयात रुजू झालास, डोक्यात कल्पना भरपूर, कचऱ्याचं अ‍ॅप, तक्रारींचा डॅशबोर्ड, पण स्टाफ "हो साहेब" म्हणतो आणि हलत नाही, वरचे म्हणतात आधी रुटीन सांभाळा, आणि तू विचारतोयस की काका, पालिकेत इनोव्हेशन आणि लीडरशिप हे शब्द ट्रेनिंगच्या स्लाइडपुरतेच असतात का. तर नाही, तसं नाहीये, आणि हे मी अगदी मनापासून सांगतोय. माझी ३३ वर्षं आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या एका महापालिकेत गेली, लिपिक म्हणून लागलो, सहाय्यक आयुक्त म्हणून २०१९ ला रिटायर झालो, आता ऐरोलीत असतो. तू मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

मी एवढ्या वर्षांत बरेच आयुक्त बघितले, काही फार हुशार, काही फार कडक. कोण चांगला हे ते खुर्चीत असताना मला कधीच नीट कळलं नाही. कळायचं त्यांची बदली झाल्यावर. साहेब गेले आणि पंधरा दिवसांत सगळं होतं तसं झालं, की समजायचं काम त्या माणसाच्या धाकावर चाललेलं. आणि साहेब कोण होते हे लोक विसरले तरी काम चालूच आहे, तर तो माणूस खरा. तुझी पोस्टिंग तीन वर्षांची धर, त्याच्या आतही होईल बदली. म्हणून काहीही नवीन सुरू करताना एकच प्रश्न विचार, मी गेल्यावर हे कोण करणार आणि त्याला हे करावंसं का वाटणार.

एक माझा अनुभव सांगतो. माझ्या प्रभागात डोंगराच्या उतारावरची वस्ती होती, पाणी रात्री यायचं, कधी दोनला, कधी चारला, बायका हंडे घेऊन जागत बसायच्या आणि सकाळी कामाला जायच्या. आमच्या ऑफिसात रोज फोन, मोर्चे पण आले दोन. दर वेळी पाणी खात्याकडून एक परिपत्रक निघायचं, वेळ बदलली म्हणून, आणि ते परिपत्रक वस्तीत कोणाला माहितच नसायचं. शेवटी मी चार रात्री चावीवाल्याबरोबर फिरलो. तेव्हा कळलं की हा माणूस एका फेरीत अकरा व्हॉल्व्ह उघडतो, त्यातल्या एकाचा स्पिंडल, म्हणजे फिरवायचा दांडा, तुटलेला, तो पान्याने अर्धा तास झगडून उघडावा लागतो आणि त्या अर्ध्या तासाने पुढच्या सगळ्या गल्ल्यांची वेळ सरकते. नवीन स्पिंडल त्याने दोन वर्षांपूर्वी मागितलेला. फाईल कुठे अडली तर ती वस्तू वार्षिक दरपत्रकात नव्हती म्हणून. त्याच्याकडे धड टॉर्च पण नव्हती रे, पावसात डोंगर चढतोय तो.

मग आधी स्पिंडल बदलून घेतला, टॉर्च आणि रेनकोट दिला, आणि नंतरच त्याला विचारलं की आता कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी देऊ शकशील ते तूच सांग. त्याने सांगितलेल्या वेळा ऑइलपेंटने प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर लिहिल्या. उशीर होणार असेल तर गल्लीतल्या एका बाईला फोन करायचा, एवढंच ठरलं. खर्च म्हणजे रंगाचे डबे. पण माझी बदली झाल्यावर ते चालू राहिलं, तो चावीवाला रिटायर झाला तेव्हा नवीन पोरगा भिंतीवरच्या वेळा बघून काम शिकला, आणि भिंतीचा रंग उडाला तेव्हा वस्तीतल्या मंडळाने स्वतः परत लिहिलं. माझ्या नोकरीतलं मला सगळ्यात जवळचं काम हेच.

आता दुसरं, जे माझ्याकडून चुकलं. सफाई कामगारांची बायोमेट्रिक हजेरी वरून आली आणि माझ्या प्रभागात मी ती फार उत्साहाने लावली, मुकादमांना न विचारता. मशीन हजेरी शेडमधे. आता बऱ्याच कामगारांचं बीट, म्हणजे झाडायचा ठरलेला भाग, तिथून लांब, म्हणजे आधी शेडवर यायचं, अंगठा लावायचा, मग चालत बीटवर जायचं, तोपर्यंत झाडायची वेळ गेलेली आणि रस्त्यावर गाड्या सुरू. आणि वर्षानुवर्षं झाडू, फावडं, ब्लीचिंग पावडर हाताळून हाताच्या रेषाच झिजलेल्या, मशीन अंगठा घेईना. महिनाअखेरीला गैरहजेरी लागली, पगार कापला, एका बाईने माझ्यासमोर दोन्ही हात पसरून दाखवले. त्या हातांकडे मी आधी कधी नीट बघितलंच नव्हतं. चार महिन्यांत मशीनवर कापड पडलं. टेक्नॉलॉजी वाईट नव्हती, पण ज्याच्या हातात ती जाणार त्याला मी आधी विचारलं नाही, आणि एका मुकादमाने पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत हे सगळं सांगितलं असतं.

म्हणून "स्टाफ हलत नाही" असं तू लिहिलंयस ना, ते उलटं करून बघ. तुझं नवीन काम त्यांच्या जुन्या कामावर चढतंय की त्याच्या जागी येतंय? स्वच्छता निरीक्षक आधीच रजिस्टर भरतोय, वर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतोय, वर पोर्टलवर तेच परत, आणि त्यात तू तुझं अ‍ॅप आणणार. तो हो म्हणणार आणि करणार नाही, आणि त्याचं चूक नाहीये. एक नवीन गोष्ट द्यायची तर दोन जुन्या काढून टाक, लेखी आदेश काढून काढ, मग बघ कसे कामाला लागतात.

सुरतचं उदाहरण मी नेहमी देतो. १९९४ मधे तिथे प्लेग आला, लाखो लोक शहर सोडून पळाले, आणि १९९५ मधे एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी काय मोठं यंत्र नाही आणलं. सगळ्या मोठ्या अधिकाऱ्यांना रोज सकाळी केबिन सोडून रस्त्यावर उतरवलं, स्वतः उतरले, आणि मुख्य म्हणजे आपले अधिकार झोनच्या अधिकाऱ्यांना वाटून दिले, खर्चाचे सुद्धा, म्हणजे गटाराचं झाकण बदलायला फाईल हेडऑफिसला जायची गरज उरली नाही. राव दोन-अडीच वर्षांत गेले. आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरबरोबर देशात पहिलं आलं. मधे किती आयुक्त बदलले असतील तिथे.

त्याच यादीत आपली नवी मुंबई तिसरी होती, आणि त्याचा मला इथला रहिवासी म्हणून अभिमान आहे. पण नवी मुंबईची मला जास्त मोठी वाटणारी गोष्ट पाण्याची आहे. महापालिका १९९२ मधे सुरू झालेली, म्हणजे वय फार नाही, आणि दहाएक वर्षांत त्यांनी राज्य सरकारच्या जीवन प्राधिकरणाकडून खालापूरजवळचं मोरबे धरण विकतच घेतलं. ४५० एमएलडीची, म्हणजे रोज ४५ कोटी लिटरची क्षमता. तेव्हा एवढ्या पाण्याची गरजही नव्हती शहराला. ठाणे वयाने मोठं, १९८२ ची महापालिका, पण तिचं स्वतःचं धरण आजही नाही, भातसा नदीचं पाणी उचलणारी स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी गोळा होतं, काळू आणि शाई धरणांची चर्चा आम्ही नोकरीला लागल्यापासून ऐकतोय. ठाण्यातले अधिकारी कमी होते असं मी अजिबात म्हणणार नाही, तिथले आयुक्त टी. चंद्रशेखर साहेबांनी नव्वदच्या दशकात स्टेशन परिसरातले रस्ते रुंद केले तेव्हाचं ठाणे ज्याने बघितलंय त्याला विचार. पण रस्ता रुंद झालेला पाच वर्षांत दिसतो, धरणाचा फायदा वीस वर्षांनी दिसतो, आणि ज्याच्या सहीने ते झालं त्याचं नाव तोवर कोणाला आठवत नाही. असा निर्णय घ्यायला फार मोठं मन लागतं.

आणि बांधलं म्हणजे झालं असंही नाही, ते पण सांगतो. वाशी-नेरूळच्या बाजूला खाडीकाठचे होल्डिंग पाँड बघितलेस का? नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे, म्हणून शहर वसवणाऱ्या सिडकोने हॉलंडच्या धर्तीवर ही तळी केली, भरती आली की फ्लॅप गेट पाण्याच्या दाबाने आपोआप बंद, शहरातलं पावसाचं पाणी तळ्यात साठणार, ओहोटी लागली की गेट उघडून खाडीत जाणार. ना वीज, ना माणूस. इतकी सुंदर कल्पना मी दुसरी पाहिली नाही. पण त्या तळ्यांत वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, गाळात खारफुटी उगवली, आणि आता खारफुटीला हात लावायचा तर हायकोर्टापर्यंत परवानग्या. वेळच्या वेळी गाळ निघाला असता तर हे झालं नसतं. म्हणजे कल्पना सुचणाऱ्या इतकाच मोठा तो, जो दर मे महिन्यात न चुकता गाळ काढून घेतो, आणि त्याचा सत्कार कोणी करत नाही. तू कर. तुझ्या प्रभागात असा माणूस नक्की आहे.

कडक शिस्तीबद्दल विचारलंयस. तुकाराम मुंढे साहेब २०१६ मधे नवी मुंबईत आयुक्त म्हणून आले, "वॉक विथ कमिशनर" मधे सकाळी सकाळी लोकांना थेट भेटायचे, तक्रार तिथल्या तिथे खात्याकडे जायची, लोकांना ते फार भावलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे सभागृहाने १०४ विरुद्ध ६ मतांनी त्यांच्यावर अविश्वास ठराव आणला, सरकारने तेव्हा ठेवलं पण मार्च २०१७ ला बदली झालीच. त्यांच्या सचोटीला माझा नमस्कार आहे. पण तू आयएएस नाहीस, तुझ्यामागे तेवढं बळ नाही, आणि प्रभागात तुला नगरसेवकाबरोबर रोज बसायचंय. त्याला शत्रू धरू नकोस. कुठल्या गल्लीत रात्री कोण राडारोडा टाकतं हे त्याला तुझ्या डॅशबोर्डच्या आधी कळतं. मधे काही वर्षं सभागृहच नव्हतं, नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासक, तेव्हा फाईली भराभर हलल्या हे खरं, पण माणसाने रात्री अकराला फोन कोणाला करायचा हेच राहिलं नाही. चुकीचं काम सांगितलं तर नाही म्हण, लेखी म्हण, नियम दाखवून म्हण, आवाज न चढवता. पण बरोबर काम त्याने सुचवलं तर श्रेय त्यालाच दे, बॅनरवर त्याचा फोटो लागू दे, तुझं काय जातं त्यात.

आता फाईलीबद्दल थोडं, कारण चांगल्या कल्पना बहुतेक इथेच मरतात. पहिलं म्हणजे आपल्या महापालिका अधिनियमाच्या कलम ६९ खाली आयुक्तांनी अधिकार प्रदान केल्याचे आदेश आस्थापना विभागाकडून मागून घे आणि स्वतः वाच, बऱ्याच जणांना आपल्याला कितीचे अधिकार आहेत हेच माहित नसतं आणि स्वतःच्या सहीने होणारं काम ते वर पाठवतात. दुसरं, तुझी कल्पना कलम ६३ मधल्या बंधनकारक कामांत बसते का बघ, पाणी, सफाई, दिवाबत्ती, गटारं हे सगळं तिथे आहे, ६६ च्या ऐच्छिक कामांत गेली की अकाउंटवाले शंका काढतात आणि ते त्यांचं कामच आहे. तिसरं लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमधलं त्या खर्चाचं खातं. पहिल्या वर्षी एखाद्या कंपनीच्या सीएसआर मधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, किंवा इकडून तिकडून पैसे उभे करून काम होतं, फोटो येतात, दुसऱ्या वर्षी बजेटमधे त्याला लेखाशीर्षच नसतं आणि खेळ संपतो. बजेट फेब्रुवारीच्या आसपास स्थायी समितीपुढे जातं, त्यासाठी खात्यांकडून मागण्या आधीच गोळा होतात, तेव्हा दिवाळी झाली की तुझी मागणी लिहून तयार ठेव. देखभालीचे पैसे त्यातच माग, हे विसरू नकोस.

टिपणी लिहिताना "अभिनव", "स्मार्ट" असले शब्द टाळ. आधी काय अडचण, किती लोकांना, आत्ता त्यावर किती खर्च होतोय, नवीन पद्धतीने किती होईल, दीड पानात. ऑडिटवाला पाच वर्षांनी ती वाचणार आहे असं समजून लिही. आणि ज्या मुकादमाने किंवा जेईने (कनिष्ठ अभियंत्याने) कल्पना सुचवली त्याचं नाव टिपणीत घाल. त्यांच्या सीआरमधे, म्हणजे गोपनीय अहवालात पण लिही. माझ्या एका साहेबांनी माझं नाव असं एका टिपणीत घातलं होतं, मी तेव्हा साधा लिपिक, ती टिपणी स्थायी समितीत वाचली गेली, आणि त्यानंतर मी त्यांच्यासाठी रविवारी सुद्धा आलो असतो.

अ‍ॅप करूच नको असं माझं म्हणणं नाही. आधी महिनाभर साध्या वहीत तक्रारी लिहून बघ, कुठून येतात, कुठे अडतात, कोणाच्या टेबलावर चार दिवस पडतात. वहीत जे सुटत नाही ते मोबाईलवर पण सुटणार नाही. वहीत सुटलं की मग अ‍ॅप कर, लोक आपणहून वापरतील.

उद्या सकाळी सहाला तुझ्या प्रभागातल्या हजेरी शेडवर जा, एकटाच, ड्रायव्हरला लांब थांबव. पिण्याचं पाणी आहे का बघ, बायकांना कपडे बदलायला आडोसा आहे का बघ, सगळ्यात जुन्या मुकादमाबरोबर चहा घे आणि त्याला विचार की कुठल्या गोष्टीने तुझं काम अडतं. तो पहिल्या दिवशी काही सांगणार नाही, तू परत येतोस का ते बघेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी सांगेल. ते काय सांगितलं ते इथे येऊन लिही, आणि त्याची टिपणी करायची असेल तर कच्चा मसुदा टाक, मी बघून देतो.