१२३४५६७८९८७६५४३२१ ही पूर्ण वर्गसंख्या आहे का?

हो, हा १११११११११ चा, म्हणजे नऊ एक्क्यांच्या संख्येचा वर्ग आहे. कागदावर गुणाकार मांडून बघा: प्रत्येक ओळ तीच, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेली, त्यामुळे स्तंभांच्या बेरजा १, २, ३ करत ९ पर्यंत चढतात आणि तशाच उतरतात. मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७. म्हणून संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७², विभाजक ४५. देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटलं, आणि हे नाव डोंबिवली स्टेशनावरून आलंय!

मात्र हा डौल नऊ एक्क्यांपर्यंतच. दहाव्याला मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ निघतं. पूर्ण वर्ग तोही आहेच, पण चढण मोडते.