आपल्याला कोणी 'घाटी' म्हटलं की राग येतो, मग आपण दुसऱ्यांना 'भय्या', 'चिंकी' म्हणतो ते कसं चालतं?

चालत नाहीच खरं तर, आपण चालवून घेतो. वेस्ट इंडिजचा क्रिकेटपटू डॅरेन सॅमीचं आठवतंय का, २०१३-१४ ला आयपीएलमध्ये हैदराबादच्या टीममध्ये होता, पोरं त्याला 'कालू' म्हणायची आणि त्याला वाटायचं ताकदवान घोडा वगैरे काहीतरी अर्थ असेल, २०२० मध्ये खरा अर्थ कळला तेव्हा भडकला. लगेच आपल्याकडचे लोक सांगायला लागले की अरे ते प्रेमाने म्हणतात. आणि २००८ ला सिडनी कसोटीत हरभजनने ऑस्ट्रेलियाच्या सायमंड्सला 'मंकी' म्हटल्याचा आरोप होऊन राडा झाला, तेव्हाही आपल्याकडचे लोक हरभजनची बाजू घेत उलट ऑस्ट्रेलियनांनाच नावं ठेवत होते!

माझंच सांगतो. ऑफिसात एकाने मला 'क्या घाटी' म्हटलं तर दिवसभर डोकं फिरलेलं, आणि संध्याकाळी मीच मोमोवाल्या पोराला हाक मारली, 'ए चिंकी, एक प्लेट दे'. त्याने प्लेट दिली, चटणी दिली, वर बघितलंच नाही. नंतर नाव विचारलं तर म्हणे थापा, गाव दार्जिलिंगजवळ. दोन वर्षं खात होतो तिथे.