वाचक विचारतात : बापलेक बुटके का दिसले?

प्रश्न : सोसायटीच्या हॉलमध्ये 'बायसिकल थीव्ह्ज' प्रोजेक्टरवर लावला. बापलेक दोघेही बुटके, फुगलेले दिसले. सबटायटल्सही मधूनमधून गायब! – एक वाचक, दादर

उत्तर : दोष बहुधा चित्रपटाच्या प्रतीमध्ये नाही. इटालियन दिग्दर्शक वित्तोरिओ दे सिकांचा हा १९४८चा चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीतला, रुंदी-उंचीचं प्रमाण साधारण १.३७ : १. प्रोजेक्टर रुंद १६ : ९वर 'फुल' किंवा 'स्ट्रेच' असेल, तर चित्र आडवं ताणलं जातं. मेन्यूत ४ : ३ किंवा 'ओरिजिनल' निवडा. डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे येतील, येऊ द्या. 'झूम' मात्र नको. त्यात वरची-खालची कड कापली जाते, आणि इथे छोटा ब्रूनो बापाच्या कमरेशी चालतो. कापलं जाणार ते त्याचंच.

रोममधल्या उन्हातल्या रस्त्यांवर सबटायटल्सची पांढरी अक्षरं विरघळतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये अक्षरं पिवळी करा, काळी कड जाड ठेवा (सबटायटल्स चित्रातच छापलेली नसतील तरच हे जमतं). ध्वनी इटालियनच ठेवा. इंग्रजी डबिंगमध्ये मजा नाही. पडदे नीट ओढा, नाहीतर काळा रंग राखाडी होतो.

लांबी जेमतेम दीड तास, त्यामुळे मध्यंतर नकोच. पुढच्या खेपेला बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' (१९५३) लावा. तिथेही बापलेकच आहेत.