‘हेअरस्प्रे’ बघून कॉलेजच्या गॅदरिंगला नाच बसवायचा आहे. दोनपैकी कोणता चित्रपट बघावा, त्यातला टीव्ही कार्यक्रम खरा होता का, आणि बारा जणांना कोणता नाच जमेल?

दोन्ही चित्रपट बघा, पण आधी १९८८ चा बघा. नाच शिकायला तोच उपयोगाचा आहे.

जॉन वॉटर्सने लिहून दिग्दर्शित केलेल्या या मूळ चित्रपटात पात्रं गात नाहीत. १९६२ चं बाल्टिमोर, स्थानिक टीव्हीवरचा नाचाचा कार्यक्रम, त्या काळच्या खऱ्या रेकॉर्ड्स, आणि त्यांवर नाचणारी शाळकरी मुलं, असा सगळा मामला आहे. नाच साधे आहेत आणि पावलं नीट दिसतात. २००२ साली त्याचं ब्रॉडवेवर संगीत नाटक झालं. गाणी मार्क शायमन आणि स्कॉट विटमन यांची. २००७ चा चित्रपट त्या नाटकावरून निघाला. त्याचा दिग्दर्शक अॅडम शँकमन स्वतःच नृत्यदिग्दर्शक, त्यामुळे नाच देखणे आहेत, पण ते सरावलेल्या नर्तकांचे आहेत आणि दर दोन-तीन सेकंदांनी दृश्य बदलतं. पडद्यावरून पावलं उचलायला बसलात तर अर्धी पावलं हातून निसटतात. २००७ चा चित्रपट वेशभूषा, रंगसंगती आणि मांडणी यांसाठी बघा.

गोष्ट दोन्हींची एकच. ट्रेसी टर्नब्लॅड ही जाडजूड, उत्साही मुलगी कार्यक्रमात निवडली जाते आणि मग तिच्या लक्षात येतं की तिच्या कृष्णवर्णीय मित्रांना तिथे महिन्यातून एकच दिवस मिळतो. १९८८ च्या चित्रपटात एक बारकावा आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. ट्रेसीच्या उंच केसांमुळे मागच्यांना फळा दिसत नाही, म्हणून तिला ‘मंद’ मुलांच्या वर्गात पाठवतात, आणि तिथे कृष्णवर्णीय मुलं भरलेली असतात. बाल्टिमोरच्या शाळा १९५४ सालीच कागदोपत्री सर्वांना खुल्या झाल्या होत्या. म्हणजे शाळेचं दार उघडलं तरी आतल्या वर्गांच्या भिंती तशाच होत्या. हे दोन मिनिटांच्या विनोदी प्रसंगात कळतं.

आता कार्यक्रमाबद्दल. तो खरा होता. ‘द बडी डीन शो’ हे त्याचं नाव. बाल्टिमोरच्या डब्ल्यूजेझेड वाहिनीवर, १३ नंबरच्या चॅनलवर, तो १९५७ साली सुरू झाला. रोज दिसणाऱ्या निवडक मुलामुलींना ‘कमिटी’ म्हणत; चित्रपटात ती ‘काउन्सिल’ होते. कमिटीत सगळे गोरे. कृष्णवर्णीय मुलांसाठी दिवस राखून ठेवलेले, आणि त्या दिवशी गोरी मुलं नसायची.

इथली मेख अशी की जे नाच गोरी मुलं कॅमेऱ्यासमोर मिरवत होती, त्यांतले बरेच कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत जन्मलेले होते. मॅडिसन हा नाच ओहायोमधल्या कोलंबसच्या कृष्णवर्णीय नाचघरांतून आला आणि बडी डीनच्या कार्यक्रमामुळे घराघरांत पोचला. नाच ज्यांचा त्यांनाच त्या नाचात जागा नाही, अशी ती परिस्थिती होती. २००७ च्या चित्रपटातही ट्रेसी ज्या नाचामुळे निवडली जाते तो ती सीवीड या कृष्णवर्णीय मुलाकडूनच शिकलेली असते. तुमच्या सादरीकरणात हा धागा हरवला तर बाकी उरतात फक्त रंगीत फ्रॉक.

चित्रपटाचा शेवट मात्र घडला तसा नाही. चित्रपटात सगळे एकत्र नाचतात आणि आनंदीआनंद होतो. प्रत्यक्षात १२ ऑगस्ट १९६३ रोजी, कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या दिवशी, त्या मुलांबरोबर काही गोरी मुलंही ठरवून स्टुडिओत शिरली आणि थेट प्रक्षेपणात एकत्र नाचली. त्यानंतर वाहिनीकडे बॉम्बच्या आणि आग लावण्याच्या धमक्या आल्या, द्वेषाची पत्रं आली. गोऱ्या पालकांना आपली मुलं मिश्र कार्यक्रमात नको होती. सगळ्यांना रोज एकत्र घेण्याऐवजी ४ जानेवारी १९६४ ला कार्यक्रमच बंद झाला.

१९८८ च्या चित्रपटात करमणूक बागेबाहेर जो राडा होतो, त्यालाही आधार आहे. बाल्टिमोरजवळच्या ग्विन ओक या बागेत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. ४ जुलै १९६३ च्या निदर्शनांत २८० हून अधिक जणांना अटक झाली. बाग सर्वांसाठी खुली झाली २८ ऑगस्ट १९६३ रोजी, म्हणजे नागरी हक्कांसाठीच्या वॉशिंग्टनच्या प्रचंड मोर्चाच्याच दिवशी. त्या बागेतला मेरी-गो-राउंड पुढे वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मैदानावर नेऊन बसवला. चित्रपटातला प्रसंग पेनसिल्व्हेनियातल्या डॉर्नी पार्कमध्ये चित्रित केला आहे.

बारा जणांसाठी माझी शिफारस डोळे मिटून मॅडिसन. हा ओळीने करायचा नाच आहे, जोडीदार लागत नाही. आपल्या लेझीमसारखं समजा: सगळ्यांचं तोंड एकीकडे, मूळ पाऊल सतत चालू, आणि एक जण हाळी देऊन पुढचा प्रकार सांगतो. मूळ पाऊल सहा मात्रांचं:

१. डावा पाय पुढे, वजन त्यावर.
२. उजवा पाय डाव्याशेजारी आणून नुसता टेकवा, वजन देऊ नका. याच मात्रेवर टाळी.
३. उजवा पाय मागे, आता वजन उजव्यावर.
४. डावा पाय मागे घेत उजव्यावरून आडवा, नुसता टेकवा.
५. डावा पाय डावीकडे, नुसता टेकवा.
६. डावा पाय पुन्हा उजव्यावरून आडवा.

आणि परत पहिल्यापासून.

गोंधळ होतो तो जवळजवळ नेहमी वजनामुळे. हिशोब असा ठेवा: पहिल्या दोन मात्रा वजन डाव्या पायावर, पुढच्या चार उजव्या पायावर. दुसऱ्या मात्रेला टाळी वाजवताना अंग आपोआप उजवीकडे झुकतं, वजन उजव्या पायावर जातं, आणि मग तिसऱ्या मात्रेला तोच पाय उचलता येत नाही. मुलं तिथे एक छोटी उडी मारतात आणि ओळ मोडते. चौथ्या मात्रेला डाव्या पायावर वजन गेलं तर पुढच्या फेरीला पुढे जायला डावा पाय मोकळा राहत नाही. म्हणून पहिल्या दिवशी टाळी शिकवूच नका. अनवाणी, संगीताशिवाय, फक्त वजन कुठे आहे ते मोठ्याने म्हणत (‘डावा, डावा, उजवा, उजवा, उजवा, उजवा’) वीसेक फेऱ्या घ्या. टाळी दुसऱ्या दिवशी.

दुसरी अडचण तालाची. पाऊल दादऱ्यासारखं सहाचं, गाणं मात्र चार-चारच्या मापात चालतं. त्यामुळे दुसरी फेरी सुरू होते तेव्हा गाणं मापाच्या मध्यावर असतं आणि मुलांना वाटतं आपलं चुकलं. चुकलेलं नसतं. बारा मात्रांनी, म्हणजे दोन फेऱ्यांनी, दोन्ही पुन्हा समेवर येतात. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या परीने दुरुस्त करायला जातो आणि एकाच ओळीत चार वेगळे नाच दिसतात.

रेकॉर्ड रे ब्रायंटची १९६० ची ‘मॅडिसन टाइम’ घ्या. १९८८ च्या चित्रपटातही तीच वाजते. तिच्यात हाळी देणारा आवाज एडी मॉरिसन यांचा आहे. ‘बिग स्ट्राँग एम’, ‘क्लीव्हलंड बॉक्स’, ‘बास्केटबॉल’, ‘जॅकी ग्लीसन’, ‘बर्डलँड’, ‘रायफलमन’ असे प्रकार तो पुकारतो. सगळे बसवू नका. तीन पुरेत: एम, बॉक्स आणि बास्केटबॉल. एक नियम घोटून घ्या: प्रकाराचं नाव ऐकलं की लगेच सुरू करायचं नाही. नाव ऐकताना मूळ पाऊल चालू ठेवायचं आणि ‘हिट इट’ म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम सुरुवात करायची. उत्साही मुलं नाव ऐकताच धावतात. स्टेजवर इंग्रजी हाळी नीट ऐकू येत नसेल तर तुमच्यातल्या खणखणीत आवाजाच्या एकाने माइकवरून मराठीत हाळी दिली तरी चालेल, नाच मूळचा तसाच आहे.

जागेचं म्हणाल तर सहा-सहाच्या दोन ओळी, दोघांत दीड हाताचं अंतर, दोन ओळींत किमान तीन पावलं. मागची ओळ अर्ध्या जागेने सरकवून उभी करा, म्हणजे चेहरे झाकले जात नाहीत.

मांडणीसाठी २००७ च्या चित्रपटातली एक कल्पना घ्या. तिथे शाळेतल्या नाचाच्या कार्यक्रमात गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यामध्ये दोरी बांधलेली असते. तुम्ही स्टेजच्या मधोमध, समोरून मागे जाणारी, कमरेच्या उंचीची दोरी लावा. दोन्ही बाजूंना सहा-सहा जण, तेच पाऊल, तीच टाळी. नाच चालू असताना, मूळ पाऊल एका मात्रेनेही न थांबवता, दोरी काढायची आणि दोन्ही गटांनी एकमेकांत मिसळायचं. पाऊल थांबलं तर प्रसंग मेला. दोरी गाठीने नव्हे, हुकाने अडकवा. गाठ ऐन वेळी सुटत नाही.

दोन गट वेगळे दाखवायला कपड्यांचे रंग वापरा. कुणाचाही चेहरा काळा रंगवू नका. अमेरिकेत गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करण्याची शंभराहून अधिक वर्षांची परंपरा होती. ज्या गोष्टीचा विषयच वंशभेद आहे तिच्यात असं करणं म्हणजे त्या टिंगलीत सामील होणं.

ट्रेसीची आई एडना घेणार असाल तर ती पुरुषानेच करायची रीत आहे: १९८८ मध्ये डिव्हाइन, ब्रॉडवेवर हार्वी फायरस्टीन, २००७ मध्ये जॉन ट्रॅव्होल्टा. आपल्याला स्त्रीपार्ट म्हटलं की बालगंधर्वांचं लावण्य आठवतं. एडना वेगळी. लोकांचे कपडे धुऊन-इस्त्री करून घर चालवणारी, थकलेली, लेकीवर जीव असलेली बाई. ती मनापासून केली तरच प्रसंग उभा राहतो. मिशा ठेवून हशा मिळेल, आई मिळणार नाही.

संवाद घेऊन पूर्ण नाटक करायचं असेल तर परवाना लागतो. नुसत्या मॅडिसनला संहिता लागतच नाही.

राहिले केस. पार्लरमध्ये ज्याला बॅककोंबिंग म्हणतात तेच. केस आदल्या दिवशी धुवा आणि तेल लावू नका. खोबरेल लावलेले केस घसरतात, पफ दहा मिनिटांत बसतो. डोक्याच्या मध्यावरची दोन-तीन सेंटिमीटर जाडीची बट सरळ वर धरा, मुळापासून आठ-दहा सेंटिमीटरवर कंगवा घालून मुळाकडे दाबा. चार-पाच वेळा, फक्त खाली. वर-खाली दोन्हीकडे विंचरलंत तर गुंता होतो, फुगवटा येत नाही. प्रत्येक बटेच्या मुळाशी स्प्रे, साधारण पंचवीस सेंटिमीटरवरून. जवळून मारला तर केस ओले होऊन खाली बसतात. सगळ्यात वरचा थर न फुगवता ठेवा आणि मऊ ब्रशने त्यावर ओढून घ्या. नंतर सोडवताना आधी भरपूर कंडिशनर, मग रुंद दातांचा कंगवा, टोकांपासून सुरुवात करून मुळाकडे.

आणि हे सगळं मेकअपच्या खोलीतच उरका. हेअरस्प्रेतला वायू आणि द्रव दोन्ही झटकन पेट घेतात. विंगेत, दीपप्रज्वलनाच्या समईजवळ, शेवटचा एक फवारा मारायचा मोह होतो, तो अजिबात मारू देऊ नका.