रेडवूड खाली, व्ह्यू माथ्यावर: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या रेडवूडच्या, म्हणजे जगातल्या सगळ्यात उंच झाडांच्या, पट्ट्यातल्या हाइक्सबद्दल इतके प्रश्न आलेत की अख्खं सदर त्यालाच देतेय.

ताई, आम्ही म्युर वूड्सला जाऊन आलो, झाडं अफाट आहेत पण तासभर चालून वर गेलो तरी समुद्र काही दिसला नाही, सगळीकडे नुसती झाडंच. रेडवूड पण बघायचेत आणि वरून पॅसिफिक पण, एकाच हाइकमध्ये होईल का? — एक वाचक, फ्रीमाँट

होईल की, पण त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या म्हणजे पुढचे सगळे प्लॅन सोपे होतील. कोस्ट रेडवूडला ओल लागते, म्हणून हे झाड ओढ्याकाठी, खोऱ्यात, सावलीच्या उतारावर सगळ्यात मोठं होतं. अगदी समुद्राला लागून खारा वारा असतो तो त्याला सोसत नाही, आणि माथ्यावर वारा नि ऊन असतं, माती कोरडी असते, तिथेही ते सहसा टिकत नाही. चढताना नीट बघा, आधी रेडवूड, मग डग्लस फर आणि टॅनओक, मग लाल सालीचा मद्रोन, मग खुरटी झुडपं नाहीतर मोकळं गवत, आणि व्ह्यू लागतो तो या शेवटच्या टप्प्यात. त्यामुळे रेडवूडच्या मधोमध उभं राहून समुद्र दिसेल ही अपेक्षाच सोडून द्या. म्युर वूड्समधला ओशन व्ह्यू ट्रेल झाडं वाढून समुद्र झाकला गेल्यावर कॅनपी व्ह्यू झालाय, तेव्हा तुम्हाला समुद्र दिसला नाही यात तुमचं काहीच चुकलं नाही.

म्हणजे हाइक अशी निवडायची की ती खोऱ्यातून माथ्यावर किंवा माथ्यावरून खोऱ्यात जाईल. माझी पहिली पसंती माउंट टॅमलपायसवरचा पँटोलचा लूप, म्युर वूड्सच्या अगदी शेजारी आहे. गाडी पँटोलच्या रेंजर स्टेशनला लावायची, तिथून मॅट डेव्हिस ट्रेलने उतरायचं, सुरुवातीलाच गवताचे मोकळे उतार लागतात आणि खाली सगळा समुद्र पसरलेला दिसतो, मग ओक आणि बे लॉरेलची झाडं, आणि शेवटी स्टिन्सन बीच. तिथे डबा खा, पाय भिजवा, आणि परत येताना डिप्सी ट्रेलवरून स्टीप रेव्हिनला लागा. हा ट्रेल वेब क्रीकच्या कडेकडेने रेडवूड आणि नेच्यांमधून वर चढतो, मधे एक लाकडी शिडी पण आहे. लूप साधारण सात मैलांचा होतो, चढ दीड हजार फुटांच्या वर. खूप जण हे उलटं करतात, स्टीप रेव्हिनने उतरतात आणि मॅट डेव्हिसने चढतात, पण मी म्हणते चढ सावलीतच घ्यावा, शेजारी पाणी वाहत असतं, आणि ओली शिडी उतरण्यापेक्षा चढायला कितीतरी सोपी जाते. फक्त निघण्याआधी स्टेट पार्कच्या साइटवर ट्रेल उघडा आहे ना ते बघा, पावसाळ्यानंतर पुलांची नाहीतर दरडीची कामं निघतात.

साउथ बेकडून येणार असाल तर हाफ मून बेच्या वरचं पुरिसिमा क्रीक रेडवूड्स पण आहे. वरच्या स्कायलाइन रस्त्यावरून सुरू केलं तर व्ह्यू आधी मिळतो आणि झाडं नंतर, पण परतीचा सगळा चढ दमल्यावर येतो हे लक्षात ठेवून पाणी जास्त घ्या. आणि बिग सरला जाणं झालंच तर फायफर बिग सर स्टेट पार्कमधला बझर्ड्स रूस्ट करा, येऊन-जाऊन तीन मैलांच्या आसपास आहे, नदीकाठच्या रेडवूडमधून निघून झुडपांच्या माथ्यावर नेतो आणि तिथून समुद्र दिसतो. छोट्या हाइकमध्ये मला तो फार आवडतो. हायवे वन दरडींमुळे मधे मधे बंद असतो, तेवढं चेक करून निघा.

जुलैमध्ये मुद्दाम सुट्टी काढून गेलो तर सगळं धुकं, दहा फुटांपलीकडचं दिसेना. मग जायचं तरी कधी? — एक वाचक, सनीव्हेल

उन्हाळ्यात इथे असंच असतं. किनाऱ्यालगतचं समुद्राचं पाणी थंड असतं, त्यावरून येणारी हवा गार होऊन धुकं धरते, आणि आतल्या सेंट्रल व्हॅलीत कडक ऊन तापलेलं असतं त्यामुळे ते धुकं जमिनीकडे ओढलं जातं. वरून गरम हवेचं झाकण बसलेलं असतं म्हणून ते फार वर चढू शकत नाही, बऱ्याचदा हजार ते दोन हजार फुटांच्या मधेच अडकतं. आणि रेडवूड इथे आहेत त्यामागे हे धुकं मोठं कारण आहे हो, उन्हाळ्यात पाऊस जवळपास नसतोच, तेव्हा पानांवर धुकं जमून थेंब थेंब खाली पडतं, थोडं पानंच शोषून घेतात. अभ्यासकांनी मोजलंय, जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यातला साधारण एक तृतीयांश भाग असा धुक्यातून येऊ शकतो.

आता तुमच्या कामाचं. धुकं असलं की घरी परत फिरू नका, अजून वर जा. टॅमचं, म्हणजे माउंट टॅमलपायसचं, ईस्ट पीक २,५७१ फुटांवर आहे, खाली मिल व्हॅलीत तुम्ही जॅकेट घालून कुडकुडत असता आणि वर लख्ख ऊन असतं, गरम होतं, आणि पायाखाली ढगांचा सपाट पांढरा पसारा दिसतो. समुद्र दिसत नाही पण हे दृश्य समुद्रापेक्षा कमी आहे असं मला तरी कधीच वाटलं नाही. ज्यांना समुद्रच बघायचाय, लांबवरची फॅरलॉन बेटं बघायचीयेत, त्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबर धरावं, किंवा हिवाळ्यात पाऊस पडून गेल्यावरचा पहिला कोरडा दिवस, तेव्हा हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वणव्याचा धूर असू शकतो, सकाळी एअर क्वालिटी बघूनच निघायचं. फुलांसाठी मात्र मार्च ते मे.

आई-बाबा येणार आहेत, दोघंही सत्तरीच्या पुढे, आईचे गुडघे दुखतात. त्यांना माथ्यावरचं काही दाखवता येईल का की नुसतं गाडीतून फिरवायचं? — एक वाचक, सॅन रमोन

दाखवता येईल आणि नक्की दाखवा. ईस्ट पीकच्या जवळजवळ माथ्यापर्यंत गाडी जाते, वर पार्किंग आहे, रेस्टरूम आहे, आणि शिखराला गोल वळसा घालणारा व्हर्ना डन्शी ट्रेल आहे, पाऊण मैलापेक्षा थोडा कमी, बहुतेक सपाट. चालत चालत एका बाजूला सॅन फ्रान्सिस्को आणि खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगरांच्या रांगा दिसतात. अगदी टोकावरच्या फायर लुकआउटपर्यंतची (वणव्यावर नजर ठेवायची चौकी) वाट छोटी आहे पण दगडांची आणि उभी, तिथे आईंना नेऊ नका, बाबांना हौस असेल तर ते आणि तुम्ही जा.

त्याच दिवशी म्युर वूड्स जोडायचं असेल तर खालची बोर्डवॉकची वाट सपाट आहे, पण पार्किंगचं रिझर्वेशन आधी करावंच लागतं, २०१८ पासून हा नियम आहे, आणि तिथे फोनला रेंज नसते म्हणून कन्फर्मेशन घरूनच डाउनलोड करून ठेवा. एंट्री मोठ्यांना १५ डॉलर, पार्किंगचे वेगळे. म्युर वूड्स सकाळी लवकर आणि टॅम दुपारनंतर, असा क्रम ठेवा. ईस्ट पीकचं पार्किंग सूर्यास्ताला बंद होतं, तेव्हा वेळेवर खाली या.

आम्ही पोर्टलंडहून हायवे १०१ ने खाली येतोय. रेडवूड नॅशनल पार्कमध्ये असा एखादा डोंगर आहे का? आणि ते जगातलं सगळ्यात उंच झाड बघायचंय, रस्ता सांगाल का? — एक वाचक, पोर्टलंड

झाडाचं आधी सांगते. हायपेरियन, उंची जवळपास ११६ मीटर, २००६ मध्ये सापडलं. त्याच्यापर्यंत ट्रेल नाहीच, लोक झुडपं तुडवत जायला लागले, बुंध्याजवळची माती दाबली गेली, कचरा झाला, म्हणून २०२२ मध्ये पार्कने तो भाग बंद केला, आत गेलात तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिने तुरुंग होऊ शकतो. रेडवूडची मुळं खोल जात नाहीत, वरच्या वरच लांब पसरतात, त्यामुळे माणसांच्या पायांनी खरंच नुकसान होतं. कृपा करून जाऊ नका, शिवाय खाली उभं राहून ते इतर झाडांपेक्षा उंच आहे हे कळतही नाही.

डोंगर मात्र आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी लोकांना माहीत असतं याचं मला वाईट वाटतं. ऑरिक गावाच्या जरा उत्तरेला बॉल्ड हिल्स रोड फुटतो. सुरुवातीचा चढ फारच उभा आहे, ट्रेलर किंवा मोठी आरव्ही नेऊ नका. वाटेत लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्ह लागतं, दीड मैलाचा सोपा लूप, आणि माथ्यावर रेडवूड सहसा टिकत नाही असं मी वर सांगितलं त्याला हा अपवाद आहे, साधारण १,२०० फुटांवर धारेवर मोठमोठे रेडवूड उभे आहेत कारण धुकं तिथवर पोचतं. तिथून पुढे गेलात की एकदम जंगल संपतं आणि गवताळ टेकड्या सुरू होतात. या टेकड्या मोकळ्या राहिल्या कारण इथले मूळ रहिवासी युरोक आणि चिलुला लोक पिढ्यान्‌पिढ्या ठरवून गवत जाळत आले, नाहीतर फरच्या झाडांनी कधीच व्यापल्या असत्या, आता पार्क पण तेच करतं. मे-जूनमध्ये तिथे जांभळ्या ल्युपिनचे पट्टेच्या पट्टे फुलतात, एल्क या मोठ्या हरणांचे कळप दिसतात. स्कूलहाउस पीक, ३,०९७ फूट, पार्कमधल्या सगळ्यात उंच ठिकाणांपैकी एक, रस्त्यापासून थोडंच चालून जाता येतं, वर जुना फायर लुकआउट आहे. पश्चिमेला समुद्र किंवा धुक्याचा समुद्र, जे नशिबात असेल ते. पार्कला एंट्री फी नाही.

दमदार हाइकच करायची असेल तर अजून दक्षिणेला हम्बोल्ट रेडवूड्समधलं ग्रासहॉपर पीक बघा, साधारण ३,३८० फूट. खालचं जंगल जेमतेम दोनशे-अडीचशे फुटांवर आहे, म्हणजे तीन हजारांच्या वर चढ, पूर्ण दिवस जातो. पाणी सोबत भरपूर, आणि उन्हाळ्यात पहाटेच निघा.

बिग बेसिन जळलं ना? आता जाण्यात अर्थ आहे का? — एक वाचक, कुपरटिनो

आहे. ऑगस्ट २०२० च्या सीझेडयू नावाच्या वणव्यात पार्कचा ९७ टक्के भाग जळला, हेडक्वार्टर्स गेलं. पण जुन्या रेडवूडची साल जाड असते, बरीचशी झाडं काळीठिक्कर होऊनही जगली आणि खोडातूनच हिरवी पालवी फुटली. जुलै २०२२ पासून पार्क परत उघडलंय. जाण्याआधी पार्किंगचं रिझर्वेशन आणि उघड्या ट्रेल्सची यादी बघा. आधीसारखी गर्द सावली सगळीकडे नाही, टोपी घ्या. मुलांना जरूर दाखवा, जंगल परत कसं उभं राहतं ते पुस्तकात वाचून असं कळत नाही.

पॉयझन ओकची फार भीती वाटते, ओळखायचं कसं? — एक वाचक, सॅन होझे

पॉयझन ओक म्हणजे अंगाला लागलं की खाज आणणारं झुडूप. तीन पानांचा गुच्छ, मधलं पान जरा लांब देठाचं, कोवळं असताना चकचकीत, उन्हाळ्याच्या शेवटी लाल. दाट रेडवूडखाली कमी असतं, उजेड असलेल्या कडांना आणि माथ्याजवळच्या झुडपांत जास्त, म्हणजे आपण व्ह्यूसाठी जिथे जातो तिथेच. जमिनीलगत हृदयाच्या आकाराची तीन पानं दिसली तर ते रेडवूड सॉरल, ते वेगळं, त्याला घाबरू नका. हिवाळ्यात पानं गळतात पण काड्यांमधलं तेल तसंच त्रास देतं. फुल पँट घाला, ट्रेलच्या मधून चाला, परत आल्यावर साबणाने गार पाण्यात लगेच धुवा, कपडे आणि बुटांच्या लेसपण. गवतातून गेला असाल तर गोचीड लागलीय का ते पण तेव्हाच बघून घ्या.

कुत्र्याला नेता येईल? — एक वाचक, ओकलंड

म्युर वूड्समध्ये नाही, स्टेट पार्कच्या ट्रेल्सवर पण सहसा नाही. टॅमवरच्या मरिन वॉटर या पाणीपुरवठा संस्थेच्या जमिनीवर पट्टा लावून चालतं. मिल व्हॅलीकडून ओल्ड रेलरोड ग्रेडने जा, जुन्या रेल्वेचा मार्ग आहे, १९३० मध्ये गाडी बंद झाली, त्यामुळे चढ एकदम सौम्य आहे. सायकलवाले जोरात खाली येतात, वळणांवर पट्टा आखूड धरा.