‘सई’ हे नाव साईबाबांवरून आले आहे का?

मुलीचे नाव ‘सई’ ठेवण्याचे आपल्या मनात आहे. परंतु घरात कोणी ते साईबाबांवरून आले असे म्हणते, तर कोणाला ते अलीकडचे, नटीमुळे रुळलेले नाव वाटते, म्हणून आपण खुलासा विचारला आहे. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. सई म्हणजे सखी, जिवाभावाची मैत्रीण.

संस्कृत ‘सखी’ प्राकृतात आली तेव्हा ‘ख’चा ‘ह’ होऊन ‘सही’ झाली आणि पुढे मराठीत तो ‘ह’ही विरून ‘सई’ उरली. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’ या प्राकृत काव्यसंग्रहातील नायिका आपले गुज सांगताना मैत्रिणीला ‘सहि’ अशीच हाक मारतात. तीच हाक मी लहानपणी ऐकली आहे. आजी आणि शेजारच्या काकू दळायला समोरासमोर बसत, एका खुंट्यावर दोघींचे हात असत आणि ओवी म्हणता म्हणता मध्येच ‘सये’ असा शब्द येई. तेव्हा ते कोणाचे नाव असावे असेच मला वाटे.

नाव म्हणून ते जुनेच आहे. शिवाजी महाराजांच्या थोरल्या राणीसाहेब सईबाई या फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या कन्या. 1640 साली त्यांचा विवाह झाला, 1657 मध्ये पुरंदरावर त्यांनी संभाजीराजांना जन्म दिला आणि 1659 मध्ये राजगडावर त्यांचे निधन झाले. गडाच्या पायथ्याशी पाल येथे त्यांची समाधी आहे. त्यांच्या एका कन्येचे नाव सखुबाई होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण सई आणि सखू या दोन्ही नावांचे मूळ एकच ‘सखी’ आहे: लेकीच्या नावात ‘ख’ टिकला, आईच्या नावातून तो गेला.

पुढे नावाला ‘बाई’ जोडण्याची रीत मागे पडली आणि नुसती ‘सई’ सुटी झाली. 1938 साली जन्मलेल्या दिग्दर्शिका सई परांजपे यांच्यामुळे ती सुशिक्षित घरांत परिचित होती, तर अभिनेत्री सई ताम्हणकर यांच्यामुळे घराघरांत पोहोचली. दोन अक्षरी, जोडाक्षर नसलेल्या नावांची आजच्या आईवडिलांना असलेली ओढही तिच्या पथ्यावर पडली, असे माझे मत आहे.

साईबाबांच्या नावात ‘सा’ आहे आणि तो शब्द वेगळा आहे. गोंधळ होतो तो रोमन लिपीमुळे: एस-ए-आय असे लिहिले की महाराष्ट्राबाहेर ते ‘साई’ असेच वाचले जाते, आणि दक्षिणेत साई हे मुलांचेही नाव असते. म्हणून जन्मदाखल्यावर नाव घालतानाच शेवटी दोन ‘ई’ घालून एस-ए-ई-ई असे लिहावे. अनेक पालक तसे लिहितात, आणि पुढे शाळेत व पारपत्रावर तेच स्पेलिंग कायम ठेवावे.