कुत्र्याचं पिल्लू ओकतंय? आधी हिरड्या बघ

अरे, एकदा ओकलं आणि लगेच बांगड्याच्या वासाने स्वयंपाकघरात घुटमळायला लागलं तर घाबरू नकोस, पाणी थोडं थोडं देत नजर ठेव. पण तुझं पिल्लू ३ महिन्यांचं, लशी अर्धवट, आणि ओकून ओकून कोपऱ्यात पडून राहिलंय, हाक मारली तरी मान वर करत नाही, तर सकाळची वाट बघूच नको रे. पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार, असू शकतो. रक्ताचे घाण वासाचे जुलाब बऱ्याचदा नंतर सुरू होतात आणि लोक नेमके त्याचीच वाट बघत बसतात, तोवर अंगातलं पाणी संपतं.

वरचा ओठ उचल, हिरडी बोटाने दाबून सोड. पांढरा पडलेला डाग साधारण २ सेकंदात परत गुलाबी व्हायला हवा. उशीर लागला, किंवा हिरड्या मुळातच पांढरट, चिकट वाटल्या तर गाडी काढ.

मोठा कुत्रा असेल, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनसारखा, त्याचं पोट ढोलासारखं फुगलं, लाळ गळतेय, ओकायला बघतोय पण बाहेर काहीच येत नाही, तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो, तिथे खरंच तासांचा खेळ असतो. म्हापसा, पणजी, मडगाव, फोन करून जिथे डॉक्टर मिळेल तिथे गाठ, रात्रीचे २ वाजले तरी.

आणि हात जोडून सांगतो, माणसांचं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अजिबात देऊ नकोस.